नऊ लाखांचा कोलोन आणि पंधरा लाखांचा गार्सिया: २०११ मध्ये यांकीजनी रोटेशन कसं उभं केलं

डिसेंबर २०१० च्या मध्यावर बेसबॉलमधला मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, क्लिफ ली याने फिलाडेल्फियाच्या टीमशी करार केला, पाच वर्षं आणि १२ कोटी डॉलर, आणि न्यूयॉर्क यांकीजचा अख्ख्या हिवाळ्याचा बेत एका रात्रीत फसला. यांकीजनी त्याला जास्त वर्षं आणि एकूण जास्त पैसे देऊ केले होते, तरी त्याने नाही म्हटलं. तिकडे यांकीजचा जुना पिचर अँडी पेटिट टेक्सासमध्ये घरी बसून विचार करत होता की अजून एक सीझन खेळायचा की थांबायचं, आणि शेवटी ४ फेब्रुवारी २०११ ला त्याने रिटायरमेंट जाहीर करून टाकली. म्हणजे ज्या टीमचं पगाराचं बिल २० कोटी डॉलरच्या आसपास होतं, त्या टीमकडे पाच स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅच सुरू करणारे पिचर, नव्हते.

हातात काय होतं बघा. सीसी सबाथिया, त्याच्याबद्दल प्रश्नच नाही. फिल ह्यूज, आदल्या वर्षी १८ मॅच जिंकलेला पण वयाने लहान आणि त्या वर्षी खांद्यावर बराच भार पडलेला. ए.जे. बर्नेट, २०१० मध्ये १०-१५, म्हणजे १० जिंकल्या आणि १५ हरल्या, आणि इआरए ५.२६, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पाचापेक्षा जास्त रन देणारा. चौथा आयव्हन नोव्हा, जवळजवळ नवखा. पाचवी जागा रिकामी.

ज्यांना बेसबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं हिशोबाचं सांगतो, कारण हा हिशोब कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सीझन १६२ मॅचचा. स्टार्टर एकदा शंभरेक पिच टाकून आला की त्याच्या हाताला चार दिवस विश्रांती लागते, म्हणून पाच जण आळीपाळीने टाकतात, त्याला रोटेशन म्हणायचं. पाचही जण वर्षभर ठणठणीत राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२-३३ स्टार्ट येतात. पण पाचही जण ठणठणीत राहिलेत असा सीझन शोधायला गेलात तर फार वेळ शोधावं लागेल. कोणाचं कोपर, कोणाचा खांदा, कोणाची मांडी. त्यामुळे सहावा, सातवा, आठवा पिचर लागतोच, फक्त कधी लागणार हे आधी माहीत नसतं.

आणि इथेच खरी अडचण आहे जी पैशाने सुटत नाही. चांगला, धडधाकट स्टार्टर तुमच्याकडे सहावा म्हणून येईलच कशाला? त्याला दुसरीकडे तिसऱ्या-चौथ्या नंबरची पक्की जागा मिळते, गॅरंटीचा पगार मिळतो. यांकीजकडे कितीही पैसा असला तरी ‘तू एप्रिलमध्ये थांब, कोणाला लागलं तर तुला बोलावू’ असं कोणा तंदुरुस्त २८ वर्षांच्या पिचरला सांगता येत नाही. ते ऐकून घेणारे दोनच प्रकारचे लोक असतात. एक, स्वतःच्याच अकादमीतून वर येणारी पोरं, ज्यांना पर्यायच नसतो. दुसरे, नाव मोठं, हात दुखावलेला, वय झालेलं, आणि ज्यांना बाकी कोणी पक्की जागा देत नाहीये असे लोक. या दुसऱ्या गटासाठी मायनर लीग डील हा प्रकार आहे. मायनर लीग म्हणजे मुख्य स्पर्धेच्या, मेजर लीगच्या, खालच्या पायऱ्या.

या डीलमध्ये होतं असं की खेळाडू कागदोपत्री मायनर लीगचा असतो, ४० जणांच्या रोस्टरमध्ये, म्हणजे मुख्य टीमच्या यादीत, त्याला जागा द्यावी लागत नाही, पण फेब्रुवारीत मुख्य टीमच्या स्प्रिंग ट्रेनिंगला बोलावणं असतं. करारात लिहिलेलं असतं की मुख्य टीममध्ये आलास तर इतके पैसे. नाही आलास तर मायनरचा पगार, किंवा राम राम. बऱ्याचदा एक तारीखही ठरलेली असते, की या दिवसापर्यंत वर घेतलं नाही तर मी मोकळा, त्याला ऑप्ट-आऊट म्हणतात. आपल्याकडे एखादा माजी कसोटी बोलर खांद्याच्या ऑपरेशननंतर रणजीच्या कॅम्पला आपणहून यावा आणि म्हणावा की नेटमध्ये बघा मला, पटलं तर घ्या, तसं काहीसं. टीमचा धोका जवळजवळ शून्य असं लोक म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, पण त्याकडे नंतर येतो.

जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमनने ली गेल्यावर घाई केली नाही, आणि माझ्या मते त्या हिवाळ्यातला त्याचा सगळ्यात चांगला निर्णय हाच. उरलेल्या पिचरांपैकी कोणालातरी धरून तीन-चार वर्षांचं मोठं डील देऊन टाकायचं हा मोह न्यूयॉर्कमध्ये फार मोठा असतो, पेपरवाले रोज विचारतात. जानेवारीत मालकांनी राफाएल सोरियानोला ३.५ कोटी डॉलरला घेतलंच, तेही बुलपेनसाठी, म्हणजे स्टार्टर उतरल्यावर येणाऱ्या पिचरांसाठी, आणि कॅशमनने उघड सांगितलं की हे डील मला नको होतं. स्टार्टरच्या बाबतीत मात्र त्याने वेगळा रस्ता धरला. मार्क प्रायर, बार्टोलो कोलोन, फ्रेडी गार्सिया, मग मार्चमध्ये केविन मिलवुड, एप्रिलमध्ये कार्लोस सिल्वा, सगळे मायनर लीग डीलवर. पाच जण. यातले दोन चालले. प्रायर, जो २००६ नंतर मेजर लीगमध्ये एकही पिच टाकू शकला नव्हता, तो यांकीजच्या मुख्य टीमपर्यंत पोचलाच नाही, सिल्वाही नाही. मिलवुडची गोष्ट वेगळी आहे, पुढे सांगतो.

कोलोनकडे जरा नीट बघू. डॉमिनिकन रिपब्लिकच्या अल्तामिराचा, मे १९७३ चा जन्म, २००५ मध्ये एंजल्सकडून २१-८ आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड. त्यानंतर खांदा आणि कोपर यांनी त्याची चार वर्षं खाल्ली. २००८ मध्ये बोस्टनने त्याला मायनर डीलवरच घेतलं होतं, २००९ मध्ये व्हाइट सॉक्सकडे थोडा खेळला, आणि २०१० मध्ये मेजर लीगमध्ये एकही मॅच नाही. त्या वर्षी त्याने आपल्या देशात स्टेम सेलचा उपचार करून घेतला, त्याच्याच शरीरातली चरबी आणि बोन मॅरो यातून पेशी काढून खांद्यात आणि कोपरात सोडल्या. हिवाळ्यात तो डॉमिनिकन विंटर लीगमध्ये टाकायला लागला आणि तिथे टोनी पेन्याने त्याला जवळून पाहिलं. पेन्या तेव्हा यांकीजचा बेंच कोच. त्याने न्यूयॉर्कला सांगितलं की हा माणूस अजून टाकतोय, घ्या. नऊ लाख डॉलर, तेही टीममध्ये आला तरच.

मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. सदतीस वर्षांचा, वजनदार, वर्षभर न खेळलेला पिचर, त्याचा आकड्यांचा कागद बघितला तर कोणीही नाही म्हणेल, कारण कागदावर काही नाहीच. तिथे कोणीतरी माहितीतला माणूस प्रत्यक्ष उभा राहून चेंडू कसा सुटतोय, दुसऱ्या दिवशी खांदा धरतोय का, हे बघायला लागतो. ज्या टीमकडे विंटर लीगमध्ये असे डोळे आहेत तिला हा माल स्वस्तात मिळतो, बाकीच्यांना तो दिसतच नाही.

गार्सिया अगदी वेगळा. व्हेनेझुएलाच्या काराकासचा. २००५ च्या वर्ल्ड सिरीजची शेवटची मॅच ह्यूस्टनमध्ये १-० ने जिंकली ती याच्या सात इनिंगांवर, एकही रन न देता. मग २००७ मध्ये खांद्याचं ऑपरेशन आणि फास्टबॉलचा वेग कायमचा गेला. २००८ मध्ये डेट्रॉइटचं मायनर डील, २००९ मध्ये मेट्सचं, त्यांनी सोडलं तर व्हाइट सॉक्सचं. म्हणजे हा माणूस तीन वर्षं याच दारातून ये-जा करत होता. २०१० मध्ये त्याने व्हाइट सॉक्सकडून १५७ इनिंग टाकल्या, १२-६, इआरए ४.६४, आणि तरीही २०११ साठी कोणी गॅरंटी दिली नाही! यांकीजचा करार मुख्य टीममध्ये आला तर १५ लाख डॉलर, वर स्टार्टच्या संख्येप्रमाणे बोनस.

टॅम्पाच्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये कोलोन गार्सियापेक्षा उघडउघड सरस दिसला. तरी मॅनेजर जो जिरार्डीने पाचवी जागा गार्सियाला दिली आणि कोलोनला बुलपेनमध्ये लाँग रिलीव्हर, म्हणजे स्टार्टर लवकर उतरला तर बऱ्याच इनिंग टाकणारा, म्हणून ठेवलं. तेव्हा बऱ्याच लोकांना हे उलटं वाटलं, पण विचार करून बघितलं तर बरोबर होतं. गार्सिया आदल्याच वर्षी पूर्ण सीझन टाकून आला होता, दर पाच दिवसांनी उभा राहील हे माहीत होतं. कोलोनचा हात किती पिच झेलेल हे कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय दोघांनाही टीममध्ये ठेवलं म्हणजे दोघेही हातात राहिले. दोघांपैकी एकाला ‘ट्रिपल-ए ला जा’ (मायनरची सगळ्यात वरची पायरी) म्हटलं असतं तर तो गेला नसता, मेजर लीगमध्ये पाच वर्षांची सर्व्हिस झालेला खेळाडू मायनरला जायला नकार देऊ शकतो.

आणि मग तीन आठवड्यांत सहावा पिचर लागला. फिल ह्यूजच्या हातात जीवच राहिला नव्हता, वेग गेलेला, तीन स्टार्टमध्ये इआरए १३.९४. त्याला डिसेबल्ड लिस्टवर, म्हणजे जखमींच्या यादीत, टाकलं. १६ एप्रिलला गार्सियाने टेक्सासविरुद्ध सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही, आणि २० तारखेला टोरंटोत ह्यूजच्या जागी कोलोन स्टार्टर म्हणून उभा राहिला. त्याच्या पुढच्याच स्टार्टला व्हाइट सॉक्सविरुद्ध आठ इनिंग.

कोलोन टाकायचा कसं ते सांगायलाच हवं, कारण त्यात मजा आहे. जवळजवळ सगळे फास्टबॉल. बाकी पिचर चार-चार प्रकार मिसळतात, हा एकाच चेंडूचे दोन अवतार टाकत राहायचा, एक सरळ आणि एक टू-सीम. डावखुऱ्या बॅटरला टाकलेला टू-सीम त्याच्या कमरेच्या दिशेने यायचा, बॅटर अंग आकसून मागे सरकायचा, आणि शेवटच्या क्षणी चेंडू आत वळून प्लेटच्या कडेला पडायचा, अंपायर स्ट्राइक म्हणून हात वर करायचा आणि बॅटर तसाच उभा. खांद्याला झटका नाही, चेहऱ्यावर काही नाही, परत चेंडू घ्यायचा आणि परत तेच. ३० मे ला ओकलंडमध्ये त्याने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या, चार हिट, एकही वॉक नाही, म्हणजे चुकीच्या चेंडूंवर कोणालाही फुकट बेस नाही, १०३ पिच, यांकीज ५-० ने जिंकले. २००६ नंतरचा त्याचा पहिला शटआऊट, म्हणजे पूर्ण मॅच टाकून एकही रन न देणं. नऊ लाख डॉलरमध्ये.

गार्सियाचं उलट. ८६-८७ मैलांचा फास्टबॉल, तो दाखवायपुरता, बाकी स्प्लिटर, स्लायडर आणि एक हळू कर्व्ह, सगळे वळणारे किंवा खाली पडणारे चेंडू. बॅटरला हवा तसा चेंडू द्यायचाच नाही, काउंटमध्ये मागे, म्हणजे चुकीचे चेंडू जास्त पडलेले, असतानासुद्धा वाकडंच टाकायचं. बघायला सोपं वाटतं पण असं पाच-सहा इनिंग करणं म्हणजे डोक्याचं काम आहे आणि ते विशीतल्या पोराला जमत नाही.

११ जूनला क्लीव्हलँडविरुद्ध कोलोन पहिल्या बेसकडे धावताना मांडी धरून थांबला. डाव्या पायाचा हॅमस्ट्रिंग. आता आली सातव्याची वेळ. इथे यांकीजनी जे केलं ते मला आजही आवडतं. फिलीजच्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या, ट्रिपल-ए टीममध्ये ब्रायन गॉर्डन नावाचा पिचर होता, वय ३२, मुळात आउटफिल्डर, बऱ्याच वर्षांनी पिचर झालेला, आणि त्या वेळी तिथे इआरए १.१४ घेऊन बसलेला. त्याच्या मायनर डीलमध्ये ऑप्ट-आऊट होता, त्याने तो वापरला, यांकीजनी उचलला आणि १६ जूनला तो यांकी स्टेडियममध्ये टेक्साससमोर स्टार्टर. पाच-साडेपाच इनिंग त्याने व्यवस्थित टाकल्या आणि यांकीज ती मॅच १२ व्या इनिंगमध्ये ३-२ ने जिंकले. गॉर्डनने एकूण दोनच स्टार्ट केले, नंतर कोरियाला गेला. पण त्या दोन मॅच कोणीतरी टाकायला हव्या होत्या ना.

आता तो ‘धोका शून्य’ वाला मुद्दा. जुलैच्या सुरुवातीला कोलोन परत आला, मेट्सविरुद्ध सहा इनिंग शून्य रन, आणि त्याच सुमाराला ह्यूजही बरा होऊन आला. जागा पाच, पिचर सहा. कोणाला काढायचं? आयव्हन नोव्हाला. तेव्हा तो ८-४ होता. त्याने काही वाईट केलं म्हणून त्याला काढलं नाही, त्याच्याकडे मायनर ऑप्शन, म्हणजे त्याला न विचारता मायनरला पाठवायची टीमची सोय, शिल्लक होता म्हणून काढलं. त्याला स्क्रँटनला पाठवलं की तो तिथे टाकत राहणार आणि टीमच्या ताब्यात राहणार. कोलोन किंवा गार्सियाला काढलं की तो गेला, कायमचा. म्हणून २४ वर्षांच्या पोराने बसमधून ट्रिपल-ए च्या मॅचला जायचं आणि ३८ वर्षांच्या माणसाने ब्राँक्समध्ये टाकायचं. टीमच्या दृष्टीने हिशोब चोख होता, नोव्हाच्या दृष्टीने अन्याय होता, आणि मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. त्या चार आठवड्यांत नोव्हाने मेजर लीगचा पगार आणि सर्व्हिसचे दिवस घालवले, आणि सर्व्हिसच्या दिवसांवरच पोराचा पुढचा सगळा पगार ठरतो. म्हाताऱ्या पिचरच्या स्वस्त डीलची किंमत अशी कुठेतरी दुसऱ्याच्या खिशातून जाते. नोव्हा ३० जुलैला परत आला आणि त्यानंतर सीझन संपेपर्यंत एकही मॅच हरला नाही, १६-४.

ऑगस्टमध्ये सहा जणांचं रोटेशन चाललं, कारण कोणाला काढायचं ते ठरत नव्हतं आणि प्रत्येकाला एक दिवस जास्त विश्रांती मिळत होती. त्यात गार्सियाने घरी स्वयंपाकघरात उजव्या हाताची तर्जनी कापून घेतली. स्प्लिटर टाकणाऱ्याची तर्जनी! तो काही दिवस लिस्टवर गेला. अशा गोष्टी कुठल्याही प्लॅनमध्ये लिहिता येत नाहीत, म्हणून तर सहावा-सातवा लागतो.

कोलोन मात्र दमला. मांडीच्या दुखापतीआधी त्याचा इआरए ३.१० होता, सीझन संपला तेव्हा ४.००, रेकॉर्ड ८-१०. शेवटच्या दोन महिन्यांत तो एकही मॅच जिंकला नाही. आदल्या वर्षी मेजर लीगमध्ये शून्य इनिंग टाकलेल्या हाताने यंदा १६४ इनिंग टाकल्या, मग असं होणारच. चेंडूचा वेग फार गेला नव्हता पण ती कडेला चिकटणारी अचूकता गेली. प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या रोस्टरमध्ये त्याला घेतलंच नाही. हे कठोर होतं आणि योग्य होतं. हा निर्णय भावनेत अडकून चुकीचा घेणाऱ्या टीम मी पाहिल्यात.

पूर्ण वर्षाचा ताळेबंद मांडून बघा. सबाथिया ३३ स्टार्ट, बर्नेट ३२, नोव्हा २७, कोलोन २६, गार्सिया २५, ह्यूज १४, गॉर्डन २, नोएसी २, बेटान्सेस १. झाले १६२. म्हणजे मार्चमध्ये ज्यांना रोस्टरवर जागाच नव्हती अशा दोन माणसांनी ५१ मॅच सुरू केल्या आणि ३११ इनिंग टाकल्या. गार्सिया १२-८, इआरए ३.६२. मूळ पगार दोघांचा मिळून २४ लाख डॉलर, जेव्हा मेजर लीगचा किमान पगारच ४ लाख १४ हजार होता. यांकीज ९७ मॅच जिंकून डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, पहिले आले. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटकडून ३-२ ने हरले, दुसरी मॅच गार्सियाने टाकली आणि पहिल्याच इनिंगमध्ये मिगेल काब्रेराने त्याला दोन रनचा होमर (होम रन) मारला. तिथे या पद्धतीची मर्यादा दिसते. ही माणसं तुम्हाला सप्टेंबरपर्यंत नेतात. ऑक्टोबरमध्ये समोर व्हरलँडर आणि शर्झर असताना तुम्हाला क्लिफ लीच हवा असतो, आणि तो नव्हता.

पण नसती ही माणसं तर काय झालं असतं हे बघायला फार लांब जायला नको, त्याच डिव्हिजनमध्ये बोस्टन होतं. मिलवुडची गोष्ट इथे येते. यांकीजकडे तो मार्चच्या शेवटी आला, मायनरमध्ये टाकायला लागला, आणि १ मे ला त्याच्या ऑप्ट-आऊटची तारीख होती. कोलोन आणि गार्सिया दोघेही जोरात होते, जागा नव्हती, यांकीजनी त्याला जाऊ दिलं. बोस्टनने त्याला मायनर डीलवर घेतलं, आपल्या ट्रिपल-ए टीममध्ये, पॉटकेटला ठेवलं, मुख्य टीममध्ये कधीच आणलं नाही आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो तिथूनही सुटला. कोलोराडोने घेतला आणि तिथे त्याने ३.९८ च्या इआरएने सीझन पूर्ण केला. त्याच काळात बोस्टनचा बकहोल्झ जूनपासून पाठीच्या दुखण्याने बाहेर, मात्सुझाकाच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं, लॅकीचा इआरए ६.४१. सप्टेंबरच्या ऐन लढाईत ते नवख्या काइल वायलंडला स्टार्ट देत होते, त्याचा सीझनचा इआरए ७.६६. वाइल्ड कार्डमध्ये, म्हणजे डिव्हिजन न जिंकता प्लेऑफला नेणाऱ्या जागेसाठी, नऊ मॅचची आघाडी होती ती सगळी गेली आणि २८ सप्टेंबरला शेवटच्या रात्री ते बाहेर पडले. एकटा मिलवुड सगळं वाचवता असं मी म्हणणार नाही, पण फरक अखेरीस एकाच मॅचचा होता आणि एक मॅच कोणताही धडधाकट चार इआरएवाला पिचर काढून देतो. बोस्टनने जमवाजमव केली होती, पण ती ठेवायची कधी आणि सोडायची कधी यात ते चुकले. जुलैअखेरीला एरिक बेडार्डला ट्रेड करून आणलं आणि तेवढ्यावर भागेल असं धरलं.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. मे २०११ मध्ये कोलोनच्या स्टेम सेल उपचाराची बातमी बाहेर आली तेव्हा मेजर लीगने चौकशी केली, कारण असल्या उपचारात काही डॉक्टर ग्रोथ हार्मोनही वापरतात. कोलोनला ते दिलं नाही असं डॉक्टरने सांगितलं. २०११ च्या बाबतीत त्याच्याविरुद्ध काही सिद्ध झालं नाही. पण ऑगस्ट २०१२ मध्ये, ओकलंडकडून खेळताना, टेस्टोस्टेरॉन सापडलं म्हणून त्याच्यावर ५० मॅचची बंदी आली. संपत आलेला हात अचानक परत जिवंत झाला की आनंद होतो, माझाही झाला होता, पण टीमने आणि बघणाऱ्यांनी तिथे प्रश्न विचारायला हवा. करिअर वाचवायला धडपडणारा, गॅरंटी नसलेला, वर्षाचा पगार एका रोस्टर जागेवर अवलंबून असलेला माणूस, त्याच्यावर दबाव किती असेल. ही डील करणाऱ्या सगळ्याच टीमनी हे लक्षात ठेवायला पाहिजे. बंदीनंतर २०१३ मध्ये मात्र तो १८-६ आणि २.६५ ने खेळला, चाळिशीत, आणि निवृत्त होईपर्यंत २४७ मॅच जिंकला, लॅटिन अमेरिकेत जन्मलेल्या कुठल्याही पिचरपेक्षा जास्त.

नियमही नंतर बदलले, आणि खेळाडूंच्या बाजूने बदलले हे चांगलं झालं. आता असा अनुभवी फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार नसलेला खेळाडू, मायनर डीलवर आला तर टीमला त्याला मनात येईल तेवढे दिवस लोंबकळत ठेवता येत नाही. सीझन सुरू व्हायच्या पाच दिवस आधी, मग १ मे, मग १ जून, अशा ठरलेल्या ऑप्ट-आऊट तारखा लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२२ च्या करारापासून आल्यात. त्यामुळे आता टीमना आधीच ठरवावं लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एवढे जुने पिचर इकडून तिकडे जाताना दिसतात ते त्यामुळेच.

यांकीजना २०११ चं यश बघून वाटलं की हे परत करू. गार्सियाला २०१२ साठी ४० लाख डॉलरची गॅरंटी दिली, आणि तो ७-६, इआरए ५.२०. तोच माणूस, फक्त आता त्याला नुसतं बघून सोडून द्यायची सोय राहिली नव्हती. आणि त्याच मार्चमध्ये पेटिट परत आला, कसा, तर मायनर लीग डीलवरच, २५ लाख डॉलर. १२ स्टार्ट, इआरए २.८७, मध्येच २७ जूनला एक लाइन ड्राइव्ह, म्हणजे जोरात सरळ आलेला फटका, घोट्यावर बसून हाड मोडलं. त्याच सुमाराला सबाथियाही लिस्टवर होता. मग एप्रिलमध्येच रोटेशनमधून काढून बुलपेनमध्ये बसवलेल्या गार्सियाला परत बोलावलं, आणि जुलैमध्ये त्याने त्या मॅच टाकल्या.

गार्सियाचं पुढचं वर्ष तर सांगायलाच हवं. २०१३ मध्ये परत मायनर डील, सॅन डिएगो, मग बाल्टिमोर, ऑगस्टमध्ये अटलांटाने त्याला बाल्टिमोरकडून पैसे देऊन घेतलं. आणि ऑक्टोबरमध्ये, हरलो तर घरी अशा मॅचला, लॉस एंजेलिसमध्ये क्लेटन कर्शॉसमोर अटलांटाने उभं कोणाला केलं, तर फ्रेडी गार्सियाला. सहा इनिंग, दोन रन. तो उतरला तेव्हा मॅच बरोबरीत होती, मग अटलांटा ३-२ ने पुढेही गेलं, आणि आठव्या इनिंगमध्ये हुआन उरिबेने होमर मारला तो बुलपेनमधल्या पिचरला.